घोटा दुसऱ्यांदा मुरगळलाय, आता धावणं पुन्हा कसं सुरू करू?

पाऊलवाट
१८ सप्टेंबर, सकाळी ६:४०

गेली सहा वर्षं धावते आहे. वय ४३, राहायला कोथरूड. आठवड्यात तीन दिवस रस्त्यावर आणि रविवारी वेताळ टेकडी, असा क्रम. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टेकडीवरून उतरताना शेवाळलेल्या दगडावरून डावं पाऊल आत वळलं. 'कट्' असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. घरी पोचेपर्यंत घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज. एक्सरेत हाड शाबूत निघालं. लिगामेंट ताणलंय, क्रेप बँडेज बांधा, दोन आठवडे विश्रांती घ्या, एवढंच सांगून घरी पाठवलं. पुढे काय करायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलेलं होतं. सगळं लक्ष त्या तारखेकडे. चार आठवड्यांनी दुखायचं थांबलं, तशी मी धावायला निघाले. ३ किमी, मग ५, मग ८. काही दुखलं नाही. आणि २० ऑगस्टला, घरापासून दोन गल्ल्या पुढे, फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवरून तोच पाय पुन्हा वळला. या वेळी ना शेवाळ होतं ना उतार. दोन ब्लॉकमधला अर्ध्या इंचाचा फरक, बस. मी तिथेच फुटपाथवर बसून राहिले. पायापेक्षा धक्का जास्त बसला होता, कारण मी काहीच चुकीचं केलं नव्हतं असं मला वाटत होतं.

साताऱ्याला गेले नाही. आज चार आठवडे झाले. चालताना दुखत नाही, जिना उतरताना मात्र पाय कचरतो. माझा प्रश्न असा: दुखत नाही म्हणजे बरं झालं, हा हिशेब एकदा चुकलाय. मग बरं झालं हे ओळखायचं कशावरून? इथे ज्यांनी यातून जाऊन पुन्हा धावणं सुरू केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

--

घाटमाथा
१८ सप्टेंबर, सकाळी ८:०५

ताई, वाचून वाईट वाटलं. मी साताऱ्याचाच, वय ५६. यवतेश्वरचा घाट माझ्या रोजच्या पायाखालचा. २०१६ साली कासच्या रस्त्याने उतरताना उजवा घोटा गेला. तिसऱ्या आठवड्यात धावायला लागलो. पुढच्या दोन वर्षांत तोच घोटा आणखी तीनदा मुरगळला, दर वेळी आधीच्यापेक्षा लहान कारणाने. शेवटच्या वेळी तर शेतातल्या बांधावरून चालत होतो, धावतसुद्धा नव्हतो.

तुम्ही दुसऱ्याच वेळी थांबून विचारताय, ही फार चांगली गोष्ट. मी चौथ्या वेळेला विचारलं. तेव्हा फिजिओथेरपिस्टने मला एका पायावर उभं राहायला सांगितलं. डाव्या पायावर झाडासारखा उभा. उजव्यावर सहा सेकंदांत हात भिंतीला. दोन वर्षं मी त्या पायावर डोंगर उतरत होतो आणि हे मला माहीत नव्हतं.

--

सावली
१८ सप्टेंबर, दुपारी १:२०

मी धावत नाही, पण घोट्याचाच विषय म्हणून लिहिते. आई ६२ वर्षांची, यंदा वारीत दिवे घाट चढून गेल्यावर तिचा पाय मुरगळला. दिंडीतल्या बायकांनी आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावला, त्याने तिला बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी एका हाडवैद्याकडे नेलं आणि त्यांनी घोटा जोरात चोळून, ओढून 'बसवला'. रात्रीत सूज दुप्पट झाली. पंढरपूर गाडीने गाठलं तिने, फार रडली. अजून संध्याकाळी घोटा सुजतो. एक्सरे काढलेलाच नाही. काढायला हवा होता का? कसं कळतं?

--

मिरज_फिजिओ
१८ सप्टेंबर, रात्री ९:४५

पाऊलवाट, सावली, दोघींना मिळून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे लिहिलेलं वाचून प्रत्यक्ष तपासणी टाळू नका, एवढी विनंती आधी.

सावली, आईचं आधी. एक्सरे हवा की नको हे ठरवायला कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही सोपे नियम मांडले, ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची गाठ लागते तिच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर, वर साधारण ६ सेमीपर्यंत, बोटाने दाबून दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या सरळ रेषेत मध्यावर जो उंचवटा आहे तिथे दुखतं का? पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या हाडावर? आणि लागल्या लागल्या, तसंच तपासणीच्या वेळी, लंगडत का होईना चार पावलं टाकता आली का? यांतलं एक जरी 'हाडावर दुखतं' किंवा 'टाकता येत नाहीत' असं निघालं तर एक्सरे. आईंचं वय पाहता आणि इतक्या दिवसांनी सूज येतेय म्हणून मी आता तरी अस्थितज्ज्ञांना दाखवाच म्हणेन. हळदीच्या लेपाला माझी हरकत नाही, कातडी फुटलेली नसेल तर. चुना-गुळाने मात्र कातडी भाजलेली मी पाहिली आहे. आणि ताज्या दुखापतीला चोळणं, ओढणं अजिबात नको. आत तुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या पुन्हा वाहू लागतात, म्हणून सूज वाढते.

आता पाऊलवाट. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन अस्थिबंध (लिगामेंट) आहेत. पाऊल आत वळलं की त्यांतला पुढचा सगळ्यात आधी ताणतो किंवा फाटतो. आतल्या अंगाचा बंध रुंद आणि दणकट आहे, शिवाय बाहेरचं हाड जास्त खाली उतरलेलं आहे, म्हणून बहुतेकांचं पाऊल आतच वळतं. हे सगळ्यांना सांगितलं जातं. जे सांगितलं जात नाही ते असं, की अस्थिबंध म्हणजे नुसती दोरी नव्हे. पाऊल कोणत्या कोनात आहे याची खबर देणारी मज्जातंतूंची टोकं त्यात असतात. बंधाबरोबर तीही दुखावतात. सूज उतरते, दुखणं जातं, पण खबर उशिरा पोचत राहते. पोटरीच्या बाहेरच्या कडेने उतरणारे पेरोनिअल स्नायू पाऊल आत वळू लागलं की त्याला बाहेर खेचून सावरतात. खबर उशिरा आली की तेही उशिरा जागे होतात. तुमचा अर्धा इंच तो हाच.

म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवा. पुढच्या गोष्टी दोन्ही पायांनी करून पाहा आणि आकडे वहीत लिहा.

भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला टेकवा आणि टेकतोय तोवर पाऊल मागे सरकवत जा. अंगठा ते भिंत अंतर मोजा. दोन्ही पायांत दीड-दोन सेमीपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. मग एका पायावर उभं राहून, गुडघा सरळ ठेवून, टाच पूर्ण वर उचलायची आणि हळू खाली. चांगल्या पायाने जितक्या होतील त्याच्या नव्वद टक्के तरी दुखऱ्या पायाने व्हायला हव्यात, आणि वीसच्या खाली असाल तर धावण्याचा विचार नको. मग एका पायावर तीस सेकंद, आधी डोळे उघडे, मग मिटून. मिटून करताना कोपऱ्यात उभ्या राहा, दोन्ही बाजूंना भिंत हवी. सगळ्यात शेवटी एका पायावर जागच्या जागी वीस उड्या, आणि उडी मारताना मनात भीती आली तर तीही लिहा. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार जमिनीकडून परत येतो आणि तो एकाच पायावर. घरात एका पायावर उडी मारता येत नाही तर रस्त्यावर ५ किमी म्हणजे तशा काही हजार उड्याच.

याआधी अर्धा तास भरभर चालून पाहा. लंगडणं नाही आणि दुसऱ्या दिवशी सूज नाही, हे पहिलं दार.

एक धोक्याची खूण: दुखणं घोट्याच्या गाठीच्या वर, दोन हाडांच्या मध्ये असेल, पाऊल बाहेर वळवल्यावर दुखत असेल, किंवा घोट्यात काहीतरी अडकल्यासारखं होत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी पुन्हा तपासून घ्या. ही वेगळी दुखापत असते आणि साध्या एक्सरेत पुष्कळदा दिसत नाही.

--

पाऊलवाट
१९ सप्टेंबर, रात्री १०:१०

डॉक्टर, तुमची पोस्ट तीनदा वाचली. आज सगळं मोजलं. नवऱ्याने फूटपट्टी धरली.

भिंतीपासूनचं अंतर उजवा ११ सेमी, डावा ७. टाचा उचलणं उजवा २४, डावा ९, आणि नवव्याला पोटरी थरथरत होती. डोळे उघडे ठेवून दोन्ही पाय तीस सेकंद. डोळे मिटून उजवा १८ सेकंद, डावा ४.

चार सेकंद. या पायाने मी ८ किमी धावले होते. उड्या मारायचं धाडस झालं नाही, तेही लिहून ठेवलं. वरच्या बाजूला, दोन हाडांच्या मध्ये दुखत नाही, अडकतही नाही.

--

दादरकर
२० सप्टेंबर, सकाळी ७:३०

बर्फाचं काय? आमच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो बर्फ लावलाच पाहिजे, दुसरा म्हणतो बर्फाने बरं व्हायला उशीर होतो.

--

मिरज_फिजिओ
२० सप्टेंबर, दुपारी २:५०

विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं, या चौकडीचं 'राइस' हे सुटसुटीत नाव १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी दिलं. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींनी भरून येणं लांबू शकतं. २०१९ पासून 'पीस अँड लव्ह' नावाची मांडणी आली, तिच्यात बर्फ नाहीच आणि सुरुवातीला सूज उतरवायच्या गोळ्याही टाळा असं म्हटलंय. तिच्यात भर आहे तो झेपेल तितका भार लवकर देण्यावर.

माझं मत असं: पहिल्या एक-दोन दिवसांत ठणका असह्य असेल तर कापडात गुंडाळून दहा मिनिटं बर्फ लावा, झोप लागेल. त्यापलीकडे बर्फावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. बर्फ लावणारे आणि न लावणारे दोघंही तिसऱ्या आठवड्यात संतुलनाचे व्यायाम सोडून देतात, खरं नुकसान तिथे होतं.

--

खो_द्या
२० सप्टेंबर, रात्री ८:१५

मी सांगली जिल्ह्यात शाळेत खो-खो शिकवतो. आमच्याकडे घोटे जातात ते खांबाला वळसा घालताना आणि पळता पळता एकदम दिशा बदलताना. पूर्वी मुलगी लंगडायची थांबली की तिला संघात घ्यायचो. त्यात मुलींचं नुकसान झालं, हे आज मला स्पष्ट कबूल करायचं आहे. एका चांगल्या खेळाडूचा घोटा तीन वेळा गेला आणि तिने खेळच सोडला.

आता परत येणाऱ्या मुलीला आम्ही असं घेतो. पहिला आठवडा ती एका पायावर उभी राहून चेंडू झेलते, समोरची मुलगी मुद्दाम वेडावाकडा टाकते. नजर चेंडूवर असते, त्यामुळे पायाला स्वतःचं स्वतः सावरावं लागतं. मग सरळ पळणं. मग इंग्रजी आठच्या आकारात, आधी मोठा आठ, मग लहान. खांब सगळ्यात शेवटी. आणि परत आल्यावर पूर्ण हंगाम घोट्याला दोरीने आवळायचा ब्रेस (आधारपट्टा) किंवा टेप. पालक म्हणतात ब्रेसची सवय लागून पाय कमजोर होईल. डॉक्टर, यावर तुम्ही सांगा.

--

मिरज_फिजिओ
२० सप्टेंबर, रात्री ९:३०

सर, चेंडू झेलायला लावता हे वाचून फार आनंद झाला. पाऊलवाट, हा व्यायाम तुम्हीही करा.

खेळताना घातलेल्या ब्रेसने घोटा कमजोर होत नाही. आधी मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण ब्रेसने आणि संतुलनाच्या व्यायामांनी कमी होतं, हे खेळाडूंवरच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. फक्त दिवसभर घरात घालून बसू नये. बंधाचे नवे तंतू भरायला साधारण सहा आठवडे जातात, पण ते तंतू नीट रांगेत बसून घट्ट व्हायला वर्षापर्यंत वेळ लागतो. तोवर खेळताना ब्रेस हा आधार समजा.

--

इझारकाठ
२१ सप्टेंबर, दुपारी ३:४०

म्युनिकहून. मागच्या हिवाळ्यात इझार नदीकाठच्या रस्त्यावर बर्फाच्या पातळ थरावरून घसरून घोटा गेला. इथे डॉक्टरांनी सहा वेळा फिजिओकडे जायची चिठ्ठी दिली. सहाव्या वेळेला फिजिओ म्हणाली, आपलं काम संपलं, तुझं आता सुरू झालं. त्यानंतरचे तीन महिने एकटीने व्यायाम करणं फार कंटाळवाणं होतं. मी सायकल आणि पोहण्यावर दम टिकवला, त्याचा खूप उपयोग झाला. परतले तेव्हा छाती तयार होती आणि पाय तयार नव्हता, त्यामुळे जपून राहावं लागलं. मनाला वाटतं अजून पळावं, श्वास लागलेला नसतो. मिनिटं घड्याळावर ठरवा, दमावर नको.

--

पाऊलवाट
१२ ऑक्टोबर, रात्री ९:००

तीन आठवड्यांचा हिशेब.

रोज सकाळी दूध तापेपर्यंत ओट्याजवळ एका पायावर, डोळे उघडे. संध्याकाळी खोलीच्या कोपऱ्यात डोळे मिटून. थेराबँड, म्हणजे व्यायामाची रबरी पट्टी, टेबलाच्या पायाला बांधून पाऊल बाहेर ढकलणं, पंधराचे तीन फेरे. जिन्याच्या पायरीवर टाचा. मुलगा चेंडू टाकतो. त्याला या कामाचा फार उत्साह आहे आणि खो-खोच्या सरांनी सांगितलं तसं तो खरंच वेडावाकडा टाकतो.

अंतर आता डावा ९.५. टाचा १७. डोळे मिटून ११ सेकंद. अर्धा तास भरभर चालते, सूज नाही.

पहिले दहा दिवस आकडे हललेच नव्हते. डोळे मिटून चार, पाच, चार, पाच. अकराव्या दिवशी अचानक आठ. त्या दहा दिवसांत सोडून द्यावंसं फार वाटलं. कुणी या टप्प्यावर असेल तर त्याच्यासाठी मुद्दाम लिहिते.

--

घाटमाथा
१३ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

छान चाललंय. एक सुचवतो. धावायचे बूट उलटे करून तळ पाहा. माझ्या बुटाची बाहेरची कड इतकी झिजली होती की टेबलावर ठेवला तरी बूट बाहेर कलायचा. मी त्यातच हजारभर किलोमीटर काढले होते. नवे घेताना दुकानदार मऊ, जाड तळाचे दाखवतात. मऊ गादीवर एका पायावर उभं राहून पाहा, मग कळेल मी काय म्हणतो ते. माझ्या ढिल्या घोट्याला रुंद आणि जमिनीजवळचा तळ जास्त मानवला.

--

पाऊलवाट
२ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

आज धावले.

आधी आकडे. अंतर १०, म्हणजे एका सेमीचा फरक. टाचा २२. डोळे मिटून १६ सेकंद. वीस उड्या झाल्या, पहिल्या पाच भीत भीत. डॉक्टरांशी बोलून ठरलेलं ते असं: एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. सपाट जागा, एक दिवस आड. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते धावण्याआधी होतं तितकं खाली आलं पाहिजे. चारवर गेलं तर थांबायचं आणि पुढच्या वेळी एक पायरी खाली.

जवळच्या शाळेच्या मैदानावर गेले. नवा ब्रेस, नवे बूट. घड्याळाने टिंग केलं आणि पहिलं पाऊल टाकलं. त्या एका मिनिटात मी जमिनीशिवाय काही पाहिलं नाही. प्रत्येक खडा, प्रत्येक गवताचं पातं. तिसऱ्या मिनिटाला लक्षात आलं की मी डावं पाऊल उजव्यापेक्षा घाईने उचलते आहे, आवाजच वेगळा येत होता. पाचव्या मिनिटाला मुद्दाम समोरच्या कडुनिंबाकडे पाहिलं. आठव्या मिनिटाला दोन्ही पावलांचा आवाज जवळपास सारखा.

एकूण आठ मिनिटं धावणं. दुखणं एक. घरी येऊन आंघोळीच्या आधी थोडा वेळ दारात बसून राहिले.

--

सावली
२ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईचं सांगायचं राहिलं. एक्सरेत बाहेरच्या हाडाच्या टोकाला जुना बारीक तुकडा सुटलेला दिसला. शस्त्रक्रिया नको म्हणाले, व्यायाम दिलेत. ती आता ओट्याला धरून एका पायावर उभी राहते आणि तेवढ्या वेळात हरिपाठाचा एक अभंग म्हणते. पुढच्या आषाढीला चालत जायचं म्हणते. मी तिला दिवसाला किती चालावं विचारायला डॉक्टरांकडे नेणार आहे.

--

दादरकर
५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

आता माझीही गोष्ट सांगतो. मागच्या महिन्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून उतरताना माझाही घोटा वळला. सूज थोडी होती, आठ दिवसांत गेली. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन, पूर्ण ४२ किमीला नाव आहे. साधारण अकरा आठवडे राहिलेत. वाटेत पेडर रोडचा चढ. माझे आकडे: अंतरात फरक १ सेमी, टाचा २० आणि २०, डोळे मिटून ९ आणि १५. धावू का?

--

घाटमाथा
६ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

भाऊ, धावणं सुरू करा, पण ४२ चं मनातून काढा. अकरा आठवड्यांत शून्यापासून पूर्ण मॅरेथॉनला पोचायचं म्हणजे दर आठवड्याला जास्त उडी मारावी लागेल, आणि ३० किमीनंतर दमलेला घोटा जागा राहत नाही. पेडर रोडच्या चढाचं मला भय वाटत नाही. भय वाटतं ते उताराचं, पाऊल पुढे निसटत असतं तेव्हाचं.

--

मिरज_फिजिओ
६ नोव्हेंबर, दुपारी १:४५

घाटमाथा काकांशी सहमत. तुमची पोटरी तयार आहे, संतुलन नाही. वाढ करताना क्रम असा ठेवा: आधी वेळ, मग सलगता, मग वेग, मग चढ, आणि उतार आणि खडबडीत जमीन अगदी शेवटी. एका आठवड्यात यांतली एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि दुखलं तर कशाने दुखलं ते कळत नाही.

--

दादरकर
७ नोव्हेंबर, सकाळी ७:००

काल रात्री बायकोशी बोललो. नाव सोडतोय. वर्षभर या एका दिवसासाठी उठलोय पहाटे, म्हणून सोपं गेलं नाही. त्या दिवशी पेडर रोडला पाणी वाटायला उभा राहीन. तुमच्यापैकी कुणी धावणार असेल तर कळवा.

--

पाऊलवाट
१४ डिसेंबर, सकाळी ९:३०

सहा आठवडे झाले. मधे एक घसरण झाली, ती लिहायलाच हवी. चौथ्या आठवड्यात सलग वीस मिनिटं जमली, त्या आनंदात त्याच आठवड्यात वेगही वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला तर घोटा आखडलेला, दुखणं चार. घाबरून फिजिओंकडे गेले. काही फाटलं नव्हतं, भार जास्त झाला होता. तीन दिवस फक्त चालणं, मग एक पायरी खाली येऊन पुन्हा सुरुवात. 'एका वेळी एकच बदल' हे वाचलेलं होतं, पण पाळलं नव्हतं.

आज ५ किमी सलग, सपाट रस्त्यावर. ३८ मिनिटं. पूर्वी यापेक्षा आठ मिनिटं कमी लागायची. त्याचं आज काही वाटलं नाही. पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ अजून टाळते.

संतुलनाचे व्यायाम चालूच आहेत. डोळे मिटून आता दोन्ही पाय वीसच्या वर.

--

पाऊलवाट
११ जानेवारी, दुपारी १२:२०

आज टेकडीवर गेले. आता सगळं कोरडं आहे, गवत पिवळं पडलंय, शेवाळाचं नाव नाही. चढताना मध्येमध्ये धावले, उतरताना पूर्ण चालत. त्या दगडाशी थांबले. जुलैत तो मला केवढा तरी वाटला होता. गुडघ्याच्याही खाली आहे. त्यावर डाव्या पायाने उभी राहिले, डोळे उघडे ठेवून, तीस मोजेपर्यंत. मुलगा खाली उभा राहून मोठ्याने मोजत होता.

एकूण ६ किमी, त्यात धावणं साधारण ३. दुखणं दोन, तेही घोट्याच्या बाहेरच्या अंगाला नाही, पोटरीत. उद्या सकाळी कसं आहे ते लिहिते.

--

मिरज_फिजिओ
११ जानेवारी, रात्री ८:००

वाट पाहते. उद्या पायरीवरून उतरताना कसं वाटतं तेही लिहा.

--

पाऊलवाट
१२ जानेवारी, सकाळी ६:५०

घोटा मोकळा आहे, आखडलेला नाही. पोटरी थोडी भरून आलीय. तीन मजले जिना उतरून दूध आणलं, कठड्याला हात लावला नाही. आज विश्रांती, उद्या मैदानावर २५ मिनिटं.